त्यांच्या पश्चात

‘येथील जुने रहिवासी अमुक तमुक (वय ७८) यांचे नुकतेच वृद्धापकाळाने निधन झाले. त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुले, तीन मुली, सुना, जावई, नातवंडे, पतवंडे असा परिवार आहे. ते जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक तमुक यांचे वडील होत.’

खानदेशात पेपर वाचणाऱ्या कुणालाही ही तीन वाक्यं पाठ असतात. आतल्या पानावर, तालुक्याच्या बातम्यांखाली, खताच्या दुकानाच्या जाहिरातीशेजारी ती रोज छापून येतात. माणूस बदलतो, वाक्यं तीच. माझ्या वडिलांच्या पिढीतले लोक पेपर हातात आला की आधी तिथेच जातात. कुणाकडे द्वारदर्शनाला, म्हणजे सांत्वनाला जायचं, कुणाची गंधमुक्ती, म्हणजे सुतक फिटल्याचा विधी कधी, हे कळल्याशिवाय त्यांचा चहा उतरत नाही खाली.

घराण्याची माहिती जुळवायला बसलेल्या माणसाला मात्र या बातमीतलं ‘नुकतेच’ फार छळतं. नुकतेच म्हणजे कधी? काल, की तालुक्याच्या वार्ताहराने कागद चार दिवस खिशात घालून फिरवला आणि मग बातम्यांचं पाकीट एस.टी.च्या कंडक्टरकडे दिलं? पेपरवरची तारीख म्हणजे मरणाची तारीख, असं धरून चालताच येत नाही. वयाचंही तसंच. गावाकडची माणसं छापील बातमीत ६०, ६५, ७०, ७५ अशी ठरलेल्या थांब्यांवरच जास्त मरतात.

मी शोधत होते माझ्या पणजीचं माहेर. पणजी म्हणजे माझ्या आजोबांची आई. आजोबांना सगळे तात्या म्हणत. अमळनेरच्या प्रताप मिलमध्ये त्यांची हयात गेली आणि १९८१ साली ते वारले. त्यांच्या आईबद्दल घरात एवढंच सांगितलं जायचं, की तात्या रांगत होते तेव्हा ती तापाने गेली. तिचं नाव कुणाला ठाऊक नाही, गावही नाही. तात्यांच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून १९१७ आहे. आमच्याकडच्या त्या पिढीचे निम्मे लोक १ जूनला जन्मले आहेत, हेडमास्तरांच्या कृपेने, त्यामुळे तारखेवर विसंबायचं कारण नाही; पण साल आसपासचं धरलं तर तो ताप १९१८च्या पावसाळ्याच्या शेवटी आलेल्या इन्फ्लुएन्झाचा असावा. सप्टेंबर-ऑक्टोबर या दोन महिन्यांत मुंबई इलाख्यात माणसं धडाधड गेली. तरुण माणसं जास्त गेली. लेकुरवाळी बाई गेली असेल तर त्यात नवल नाही.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पहाटे आमच्याकडे उंबरठा धुऊन पितरांची नावं घेत त्यावर कुंकवाची बोटं उमटवतात. मग घागर भरायची, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज ठेवायचं, नैवेद्य झाला की आगारी टाकायची, म्हणजे पितरांसाठी विस्तवावर घास घालायचा. पुरुषांची नावं आत्या न अडखळता घेते, पाच पिढ्या मागे जाते. बायकांपाशी आली की ‘मोठी माय, धाकली माय’ एवढं पुटपुटून बोट ओढते आणि पुढे सरकते. पणजी ही त्यातली मोठी माय. हे मला लहानपणापासून खटकायचं असं म्हटलं तर ते खोटं होईल. लहानपणी माझं सगळं लक्ष सांजोऱ्यांकडे असायचं. खटकायला लागलं ते पुढे, माझं स्वतःचं माहेर सुटल्यावर.

घरात कागद शोधावेत, तर मरणाचा कागद घरात ठेवायचाच नाही ही रीत. कोपरा फाडलेलं पोस्टकार्ड आलं की ते उंबऱ्याबाहेरच वाचायचं, आंघोळ करायची, कार्ड फाडून टाकायचं. लग्नपत्रिका मात्र ट्रंकेत चाळीस-चाळीस वर्षं पडून. त्यामुळे आमच्या घरात कोण लग्न होऊन आलं याचे पुरावे ढिगाने आहेत आणि कोण कधी गेलं याचा एकही नाही. तिथीचा तेवढा आधार असतो, पण पितृपक्षात जेवू घालायची तिथी नुसती सप्तमी किंवा दशमी एवढंच सांगते. महिना कोणता, शुद्ध की वद्य, ते त्यातून कळत नाही. वर्षश्राद्धाचा महिना कुणाच्या लक्षात असेल तरच जुनं पंचांग काढून इंग्रजी तारीख लावता येते. म्हणून राहिला पेपर. त्याला सुतक लागत नाही.

पेपर होते का त्या काळी? होते. धुळ्याचं ‘खानदेश वैभव’, जळगावचं ‘प्रबोधचंद्रिका’ ही साप्ताहिकं एकोणिसाव्या शतकातच निघत होती. इंग्रज सरकार देशी वृत्तपत्रांत काय छापून येतं याचा दर आठवड्याला इंग्रजी गोषवारा काढून घ्यायचं, त्या अहवालांत ही दोन्ही नावं भेटतात. पण पेपर होते म्हणून आपली माणसं त्यात सापडतील असं नाही. प्लेग, दुष्काळ, इन्फ्लुएन्झा यांत गेलेल्या सामान्य माणसाच्या वाट्याला तालुक्याच्या आकड्यातलं एक एवढीच जागा यायची.

हे मला सगळ्यांत जास्त जाणवलं ते बालकवींमुळे. त्र्यंबक बापूजी ठोमरे, जन्म धरणगावचा, १९०७च्या जळगावच्या कविसंमेलनात ज्यांचं कौतुक झालं ते. ५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली सापडून ते गेले. वय अठ्ठावीसही पूर्ण नव्हतं. तारीख माहीत आहे, स्टेशन माहीत आहे, आज शंभर वर्षांनंतरही त्या अपघाताबद्दल लिहिलं जातं. माझा अंदाज बरोबर असेल तर त्यानंतर पाच-सहा महिन्यांत त्याच पूर्व खानदेश जिल्ह्यात माझी पणजी गेली, आणि तिचं नावसुद्धा उरलं नाही. कवीशी तिची बरोबरी करत नाही मी. पण वर्ष एक, जिल्हा एक, आणि नोंदीतलं अंतर एवढं.

किंवा धुळ्यातलंच उदाहरण घ्या. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले आणि पुढच्याच वर्षी, १९२७ मध्ये, त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ तिथे उभं राहिलं. एका माणसाच्या मागे कागदांसाठी अख्खी इमारत. उलट बहिणाबाई. ३ डिसेंबर १९५१ला त्या जळगावात गेल्या तेव्हा त्यांच्या कविता पुस्तकरूपाने आलेल्याच नव्हत्या, त्या आल्या १९५२मध्ये. म्हणजे ज्या दिवशी त्या गेल्या त्या दिवशी जगाच्या लेखी त्या कवी सोपानदेव चौधरींच्या आई होत्या. ‘यांच्या मातोश्री होत’, बायकांची निधनवार्ता इथेच संपते. गं. भा. अमुकबाई तमुक पाटील, यांच्या मातोश्री. कुठल्या गावच्या, कुणाची लेक, कुणाची बहीण, याला जागा नाही.

तेव्हा १९१८च्या पेपरात पणजी सापडणार नाही हे उघड होतं. मग मी तात्यांपासून सुरुवात केली. आधी त्यांचीच निधनवार्ता काढू, त्यात काही धागा मिळतो का बघू.

जुने पेपर पाहायला मिळणं हा एक वेगळाच धंदा आहे. जळगावचं व. वा. वाचनालय १८७७पासूनचं, धुळ्याला गरुड वाचनालय, अमळनेरला पूज्य साने गुरुजी ग्रंथालय. खानदेशात वाचनालयांची परंपरा मोठी आहे, पण वाचनालय पुस्तकं सांभाळतं. दैनिकं सांभाळणं कुणालाही परवडत नाही. ‘ताई, रोजचे आठ पेपर येतात, किती ठेवायचे?’ हा मला ठिकठिकाणी मिळालेला प्रश्न, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. सहा महिने झाले की रद्दी. ज्यांनी महिन्या-महिन्याचे गठ्ठे बांधून बस्त्यात ठेवले तिथे वाळवी माझ्याआधी पोचलेली. एका ठिकाणी १९६०-७०च्या दशकाचा गठ्ठा उलगडला तर कागदाचे पापडासारखे तुकडे हातात आले. मी तो तसाच परत बांधून ठेवला.

कायद्याने पाहिलं तर पेपर कुठेतरी असायलाच हवेत. १९५४चा कायदा आहे, १९५६च्या दुरुस्तीने त्यात वृत्तपत्रंही आली: प्रत्येक अंकाची प्रत कोलकाता, मुंबई, चेन्नई आणि दिल्ली इथल्या चार ग्रंथालयांत प्रकाशकाने पाठवायची. पण मोठ्या पेपरच्या मुंबई-पुण्याच्या आवृत्त्या जपल्या गेल्या म्हणून शिरपूर-शहाद्याचं तालुका पान त्यात असेल असं नाही. आपल्याला हवं असतं नेमकं तेच पान.

आणि इंटरनेट? नातेवाइकांतली तरुण मुलं म्हणतात, ‘आत्या, गूगल कर ना.’ परदेशात म्हणे आडनाव टाकलं की दीडशे वर्षांपूर्वीची निधनवार्ता पडद्यावर येते. आपल्याकडे ई-पेपर म्हणजे पानाचा फोटो. त्यातली अक्षरं सर्चला दिसत नाहीत. युनिकोड येण्याआधीच्या, श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये जुळवलेल्या फायली कुणी ठेवल्या असल्या तरी त्या उघडल्यावर निम्मं गिचमिड दिसतं. शिवाय काय टाकून शोधणार? पाटील? खानदेशात ‘पाटील’ शोधणं म्हणजे काय ते इथल्या माणसाला सांगायला नको. मराठा पाटील, लेवा पाटील, गुजर पाटील. त्यात बातमीत नाव छापलेलं असतं नानासो, आप्पासो, भाऊसो. खरं नाव पाळण्यातच राहिलेलं. आडनाव सोडून गाव धरायचं, हे मी लवकर शिकले. गाव धरतानाही जुनी नावं माहीत हवीत. खानदेश जिल्ह्याचे १९०६ साली दोन झाले, पूर्व आणि पश्चिम. जळगाव, धुळे ही जिल्ह्यांची नावं १९६०नंतरची. नंदुरबार तर १ जुलै १९९८ला वेगळा झाला, त्याआधीचे शहादा-तळोदा धुळ्याच्या पानावर शोधायचे. मुक्ताईनगर शोधताना एदलाबाद वाचायचं.

एक सोय मात्र आहे. आपल्याकडे माणूस पेपरात एकदाच मरत नाही. पहिली ती फुकटची चार ओळींची बातमी. ती हुकली तर दहा-बारा दिवसांनी फोटोसह चौकटीतली जाहिरात येते, दशक्रिया, उत्तरकार्य, गंधमुक्ती अमुक वारी, स्थळ राहते घर. तीही हुकली तर वर्षाने ‘प्रथम पुण्यस्मरण’. ऐपत असेल आणि मुलं राजकारणात असतील तर दहावं, पंचविसावं पुण्यस्मरणही सापडतं. हिशेब करताना एवढं ध्यानात ठेवायचं की वर्षश्राद्ध तिथीने होतं, आणि तिथीचं वर्ष ३५४ दिवसांचं. त्यामुळे पुण्यस्मरणाच्या तारखेतून सरळ एक वर्ष वजा केलं तर दहा-अकरा दिवसांनी घोटाळा होतो, अधिकमास मध्ये आला तर उलटीकडे अठरा-एकोणीस दिवसांनी. माणूस सुरतेला वारला असेल तरी बातमी इकडच्या पानावर येते. उधना-लिंबायतला आयुष्य काढलेल्या खानदेशी माणसाची निधनवार्ता त्याच्या गावच्या नावाखाली छापतात, ‘हल्ली मुक्काम सुरत’ असं लिहून.

तात्यांची बातमी सापडली. पहिली चार ओळींची. मी फोटो काढून आत्याला दाखवला. तिने चष्मा लावून दोनदा वाचली आणि विचारलं, ‘‘यामा मी कोठे शे?’’

ती ‘दोन विवाहित मुली’मध्ये होती. दोघींतली एक. तिच्या भावांची नावं होती, भावांच्या नोकऱ्या होत्या, एका जावयाचंही नाव होतं, कारण तो सोसायटीचा चेअरमन होता. आत्याने तात्यांना शेवटचं दीड वर्ष अंथरुणात सांभाळलं होतं. तिने कागद परत दिला आणि भाकरी थापायला बसली.

त्या दिवसापासून मी निधनवार्ता वेगळ्या रीतीने वाचायला लागले. ही बातमी मेलेल्या माणसाबद्दल फार थोडं सांगते. ‘मनमिळाऊ स्वभावाचे होते’ हे सगळ्यांनाच लावतात, त्यात उपयोगाचं काही नसतं. पण ‘त्यांच्या पश्चात’पासून पुढचा मजकूर म्हणजे त्या तारखेला कोण जिवंत होतं, कुठे होतं, काय करत होतं, आणि घरच्यांच्या लेखी कुणाचं नाव घेण्यासारखं होतं, याची यादी असते. यादीत बायको ‘पत्नी’ असेल तर ती त्या दिवशी हयात होती. नसेल तर आधी गेली. ‘पतवंडे’ असतील तर नातवंडांपैकी कुणाचं तरी लग्न होऊन मूल झालं होतं. आणि शेवटी ते सोन्यासारखं वाक्य: अमुक यांचे ते मामा होत, काका होत, सासरे होत, शालक होत, साडू होत. मामा-शालक म्हटलं की आईकडचं, बायकोकडचं घराणं उघडलं. बायकांना नाव नसलं तरी त्यांच्यामुळे झालेल्या नात्याला असतं.

म्हणजे तात्यांना मेलेल्यांत शोधून उपयोग नव्हता. त्यांना दुसऱ्याच्या बातमीत, जिवंत भाचा म्हणून शोधायला हवं होतं.

मुलींच्या नावांसाठी दुसरा एक कागद आहे, तो इथेच सांगून टाकते. शेतजमीन असेल तर माणूस गेल्यावर तलाठ्याकडे वारसाची नोंद होते. गाव नमुना ६-क म्हणजे वारस नोंदवही आणि त्यावरून पडणारा फेरफार, म्हणजे जमिनीवरची नावं बदलल्याची नोंद. त्यात मयताची तारीख असते आणि वारसांची नावं असतात. १९५६च्या हिंदू वारसा कायद्यानंतर मुलीही वारस झाल्या, म्हणून पेपरात ज्या ‘तीन मुली’ असतात त्या फेरफारात नावानिशी आणि सासरच्या आडनावासकट भेटतात. महसूल खात्याच्या ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर बरेच जुने फेरफार स्कॅन करून टाकलेत. पेपरातली निधनवार्ता आणि फेरफार शेजारी ठेवून वाचले तर एकाच घराची दोन चित्रं दिसतात. त्यानंतर वर्षा-दोन वर्षांत बहुतेक घरांत आणखी एक फेरफार असतो, बहिणींच्या हक्कसोडाचा. आमच्याही घरात आहे. त्यावर आत्याचा अंगठा नाही, सही आहे. सातवी पास होती ती.

तर, तात्यांचे मामा. असा कुणी मामा होता का, हे मी आत्याला विचारलं तर ती म्हणाली, ‘‘व्हता ना. तात्या त्यासना मामानी गंधमुक्तीले गयथात. तवय आम्ही सुकडी खाऊत.’’

आजवर कुणी तिला हे विचारलंच नव्हतं. सुकडी म्हणजे दुष्काळात वाटलं जाणारं खाणं, म्हणजेच बहात्तरचा दुष्काळ. तिला आणखी दोन गोष्टी आठवत होत्या. तात्या एस.टी.ने गेले आणि परत आले तेव्हा त्यांच्या पायांना नदीची रेती होती. आणि त्या आखाजीला घागरीवर ठेवायला चांगलं डांगर मिळालं नव्हतं, म्हणून आई चिडली होती; मामाचं हे त्याच्या थोडं आधीचं. १९७३ची आखाजी मेच्या पहिल्या आठवड्यात होती. म्हणजे पाहायचे पेपर मार्च-एप्रिलचे. दुष्काळ सरकारला पडला, इतिहासकारांना पडला, पण आमच्या घरच्या तारखा लावायला तो जेवढा कामाला आला तेवढा दुसरा कोणी आला नाही.

रेतीमुळे गावाची दिशा कळली. अमळनेर तालुक्याच्या उत्तरेला तापी. तापीच्या पलीकडे चोपडा आणि शिरपूर. चोपडा जळगाव जिल्ह्यात, शिरपूर धुळ्यात, म्हणून पेपरही दोन्हीकडचे हवेत. जळगावचे मला आधी मिळाले. त्या महिन्यांच्या पानांवर फक्त पाणी होतं, म्हणजे पाणी नव्हतं: टँकर, विहिरी, दुष्काळी कामावरची हजेरी, खडी फोडणाऱ्या बायकांचे फोटो. निधनवार्ता कमी झाल्या होत्या. माणसं कमी मरत होती म्हणून नाही, जागा नव्हती म्हणून. चोपड्याच्या बातम्यांत काही मिळालं नाही.

मिळालं ते धुळ्याच्या एका दैनिकात, शिरपूर वार्तापत्राच्या शेवटी. तालुक्यातल्या तापीकाठच्या एका गावचे जुने शेतकरी ‘नुकतेच’ वारले, वय ६५, मागे दोन मुले, एक मुलगी व मोठा परिवार, आणि: अमळनेर येथील प्रताप मिलमधील श्री. अमुक यांचे ते मामा होत. तात्यांचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, बिनचूक.

मी ती ओळ बराच वेळ वाचत बसले. वाचनालयात मोठ्याने बोलायची सोय नाही, नाहीतर बोलले असते. ६५ वय खरं धरलं तर बहीण गेली तेव्हा हा माणूस दहा वर्षांचा. बहिणीला जाऊन पंचावन्न वर्षं झालेली. तरी बातमी देणाऱ्याने तिच्या मुलाचं नाव घातलं. यात मायेचा वाटा असेल, पण मला वाटतं नोकरीचा जास्त असावा. दुष्काळात महिन्याच्या महिन्याला पगार घेणारा भाचा, तोही प्रताप मिलमधला. गावात कागद लिहिणाऱ्याला नाव घेण्यासारखा नातेवाईक तोच वाटला असणार. तात्या शेतमजूर राहिले असते तर ही ओळ छापली गेली नसती आणि पणजीचं माहेर कायमचं बुडालं असतं. आमच्यापेक्षा गरीब असलेल्या घरांचं काय, सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा पाड्यांवर कोण कधी गेलं हे कुठल्या पेपरात शोधायचं, याचा विचार केला की या शोधाचं फार कौतुक वाटेनासं होतं.

गावी गेले. मामांचा धाकटा मुलगा हयात आहे, ऐंशीच्या पुढचा. ओट्यावर बसले होते. मी नमस्कार केला तर म्हणाले, ‘‘कोनी पोर शे व माय तू?’’ मी तात्यांचं नाव सांगितलं. मग सरळ हिशेब लावला त्यांनी, बोटांवर, आणि मी त्यांच्या आतेभावाची नात म्हणजे नात्याने कोण लागते ते ठरवून टाकलं. ‘‘आम्हले वाटे, तुम्ही सुरतले निंघी गयात.’’ पेपरातली बातमी त्यांना आठवत नव्हती. ती गावच्या मास्तरांनी दिली असेल म्हणाले. आत्याचं नाव मात्र त्यांना लगेच आठवलं. त्यांची आत्या म्हणजे माझी पणजी. त्यांनी तिला पाहिलेलं नव्हतं, त्यांचे वडील सांगायचे. तापी. नदीकाठच्या गावात मुलीचं नाव तापी, यात विशेष काही नाही. त्या गावात तेव्हा आणखी चार तापी असतील.

कधी गेली ते त्यांनाही माहीत नाही. कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या नमुना १४मध्ये असेल. पण तिची नोंद या गावी नसणार, सासरच्या गावी असणार, १९१८ची बुकं बहुधा मोडी लिपीत, आणि तिथे ती अमकी कोम तमका (कोम म्हणजे बायको) अशी लिहिलेली असणार, सासरच्या नावाने. ते नाव अजून सापडायचं आहे. तहसील कार्यालयात अर्ज दिलाय.

घरी येऊन आत्याला सांगितलं, मोठ्या मायचं नाव तापी. मला वाटलं होतं तिला आनंद होईल. झालाही असेल. ती म्हणाली, ‘‘हाई माहेरनं नाव शे. उंबरठावर माहेरनं नाव चालत नही.’’ मी वाद घातला नाही. येत्या आखाजीला काय करायचं ते ती ठरवेल, उंबरठा तिचा आहे.

त्या गावाहून निघताना म्हाताऱ्यांनी मुलाला वही आणायला सांगितली आणि आमच्या घरातली नावं लिहून घेतली. माझी, माझ्या भावांची, त्यांच्या मुलांची. फोन नंबर घेतला. कशाला ते मला आधी कळलं नाही. मग म्हणाले, ‘‘आते आमना घर काही व्हयनं ना, ते पेपरमा तुमनं नाव बी टाकसूत.’’ त्यांचा मुलगा लिहिता लिहिता थांबला आणि त्याने मला विचारलं, बँकेत तुम्ही नक्की काय आहात, क्लार्क की ऑफिसर. मी सांगितलं. त्याने माझ्या नावापुढे कंसात ‘अधिकारी’ लिहिलं. आत्याचं नाव मी त्याला दोनदा सांगून घालायला लावलं. तिच्यापुढे काय लिहू, असं त्याने विचारलं, तर मी म्हटलं, काही लिहू नका, नुसतं नाव पूर्ण लिहा.